पोवळं कुठे नांदतं?



आपल्यातल्या कितीतरी जणींच्या गळ्यात काळ्या मण्यांसोबत लाल पोवळं असतं. कुणी मंगळासाठी ते अंगठीत घालतं. हे लाल पोवळं मूळचं भूमध्य समुद्रातलं. व्यापाऱ्यांच्या हातून ते फार पूर्वीपासून आपल्याकडे येत आलंय. पण पोवळं म्हणजे खाणीतला खडा नव्हे, एका जिवाचं ते हाड आहे, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. आज त्याच्याच नात्यातल्या एका जिवाची गोष्ट सांगणार आहे. त्याचं नाव दगडी प्रवाळ.

विषय निघाला तो पुण्यातल्या एका ओळखीच्या घरावरून. तिथे दिवाणखान्यात समुद्राच्या पाण्याची काचेची पेटी होती आणि तिच्यात जिवंत प्रवाळ. हौस घरच्या मालकांची. पण रोज पाणी बघायचं, काच पुसायची, सांडलेलं मीठ आवरायचं, हे सगळं वहिनींकडे. एका पावसाळी रात्री वीज गेली ती सकाळपर्यंत आली नाही. पंप बंद पडला. सकाळी पेटीतलं पाणी गढूळ झालं होतं आणि घरभर कुबट वास सुटला होता. वहिनी म्हणाल्या, "मी दोन वर्षं याची उस्तवार केली, आणि हा माझ्या घरात नांदलाच नाही."

तेव्हापासून मी विचार करू लागले, प्रवाळ घरात ठेवायची ही हौस आली कुठून?

आधी हा जीव समजून घेऊ. दगडी प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक जीव बहुधा इवलासा असतो. मऊ अंग, मधोमध तोंड, तोंडाभोवती बारीक हात. पाण्यात विरघळलेल्या चुन्यातून तो आपल्या बुडाशी दगडासारखं घर बांधतो. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात, म्हणून आपल्याला तो एक मोठा दगड वाटतो. उथळ, उबदार समुद्रातल्या प्रवाळांच्या अंगात बारीक शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. प्रवाळ त्याला आसरा देतो. घर एकाचं, स्वयंपाक दुसऱ्याचा, असा हा संसार. वाढ मात्र फार सावकाश. गोल, भरीव जातीचं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं, कधी तेवढंही नाही.

आता इतिहासाकडे येते. दगडी प्रवाळ घरात जिवंत ठेवण्याची सुरुवातीची जी नोंद सापडते, ती एका बाईची आहे. तिचं नाव अ‍ॅना थिन. नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या मोठ्या चर्चमध्ये धर्माधिकारी. 1846 साली ती इंग्लंडच्या किनाऱ्यावर टॉर्की या गावी गेली होती. तिथे तिला थंड पाण्यातले छोटे दगडी प्रवाळ दिसले. ते लंडनला न्यायचे ठरले. वाटेत आपटून मरू नयेत म्हणून तिने काय केलं असेल? सुई-दोरा घेतला आणि ते एका मोठ्या स्पंजला टाके घालून बसवले!

लंडनमध्ये समुद्र नाही. आणलेलं पाणी बदलून बदलून संपत आलं. मग तिने दुसरी युक्ती काढली. तेच पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरून ओतायचं. आपण चहा गार करायला वर-खाली करतो ना, तसं. पाण्यात हवा मिसळायची आणि प्रवाळ तगायचे. रोज अर्धा-पाऊण तास हे चालायचं. आणि हे काम करायची कोण? घरात कामाला असलेली एक मुलगी.

पुढच्या वर्षी अ‍ॅनाने पाण्यात समुद्री वनस्पती ठेवल्या. वनस्पती हवा देऊ लागल्या आणि ओतण्याचे कष्ट कमी झाले. तिची ही हकिगत 1859 साली शास्त्रीय मासिकात छापून आली. त्याआधीच, 1854 मध्ये, फिलिप गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं होतं आणि तो शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला होता. गॉस यांचं नाव मोठं झालं. अ‍ॅनाचं मागे पडलं. आणि पाणी ओतणाऱ्या त्या मुलीचं नाव तर इतिहासाने टिपूनही ठेवलं नाही.

उबदार समुद्रातले प्रवाळ घरात टिकायला आणखी शंभर वर्षं लागली. 1961 साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी आपली रीत छापून प्रसिद्ध केली: समुद्राचंच पाणी, जिवाणूंनी भरलेले समुद्रातलेच दगड आणि हवेचे बुडबुडे. 1970 च्या दशकात युरोपात पीटर विल्केन्स यांनी पेटीत चुन्याची निवळी थेंब थेंब सोडायला शिकवलं. हो, आपल्या ओळखीचीच चुन्याची निवळी! घर बांधायला प्रवाळाला चुना हवाच ना.

आता पुण्याचं बघा. आपलं पाणी येतं खडकवासल्याहून, गोडं आणि क्लोरीन घातलेलं. ते गाळून शुद्ध करायचं, मग लिटरला साधारण 35 ग्रॅम या मापाने खास समुद्री मीठ घालायचं. घरातलं मीठ चालत नाही. पाणी 25-26 अंशांवर ठेवायचं, म्हणजे उन्हाळ्यात ते थंड करणारं यंत्र आलं. कढी आटली की खारट होते, तसं पेटीतलं पाणी उडून गेलं की मीठ मागे राहतं. म्हणून रोज गोडं पाणी घालायचं. शिवाय दिवे, पंप, चुन्याचं माप. समुद्र जे फुकट करतो, ते घरात कुणाला तरी रोज हाताने करावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या देशात 2001 पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलंय, म्हणजे वाघाच्या पंगतीला. ते तोडणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. मेलेला पांढरा तुकडाही यातून सुटत नाही. जत्रेत 'इंद्रजाल' म्हणून काळी जाळी काचेच्या चौकटीत घालून विकतात, घरात लावली की भरभराट होते म्हणतात. ती प्रवाळांच्याच नात्यातली. तिलाही हाच कायदा आहे.

एवढा कडक कायदा कशाला, असं वाटेल. पण तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात वर्षानुवर्षं चुन्यासाठी प्रवाळ उपसले गेले आणि तिथले खडक उजाड झाले. आपल्याकडे तर ठेवा मुळातच थोडा. मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, पाण्याखाली जिवंत प्रवाळ आहेत. 1987 साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात एक बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तिथेही प्रवाळ आहेत. पाणी फार तापलं की अंगातलं शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात. मालवणला हेही शास्त्रज्ञांनी पाहिलंय.

या जिवाच्या आधाराने मासे वाढतात आणि माशांवर किनाऱ्यावरच्या बायकांची पाटी भरते. त्याच जिल्ह्यात, वेंगुर्ल्याला, स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. जीव जिथला तिथे राहतो आणि बायकांना चार पैसे मिळतात.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं जरूर सांगा. जत्रेतलं इंद्रजाल घ्यायचं नाही. शोभेसाठी पांढरं प्रवाळ आणायचं नाही. आणि सहलीला मालवणला गेलात, पाण्यात उतरलात, तर खडकावर पाय देऊ नका. तुमच्या पायाखाली कुणाचं तरी शंभर वर्षांचं घर असेल.

आमच्या वहिनींनी ती पेटी रिकामी केली. आता तिच्यात गोड्या पाण्यातले गप्पी मासे आहेत. डासांच्या अळ्या खातात, आणि वीज गेली तरी मजेत असतात.