बंदूक आणि कॅमेरा

आपले अर्धापूर १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात होते, तिथले दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ. १९०२ साली वरंगळकडच्या रानात त्यांनी टिपलेले चित्र प्रसिद्ध आहे: लॉर्ड कर्झन, त्यांच्या पत्नी आणि पुढ्यात मेलेला वाघ. कॅमेरा तेव्हा बंदुकीचा साक्षीदार होता. पुढे १९२० च्या दशकात, उत्तरेत शिवालिकच्या जंगलात, वनाधिकारी चँपियन यांनी वाटेवर तार बांधली. रात्री वाघाचा पाय लागे, लख्ख उजेड पडे, अन् वाघच आपले चित्र काढी! तीच युक्ती आज डिजिटल रूपात वाघ मोजते. प्रत्येकाचे पट्टे निराळे ना! १९७२ च्या कायद्याने शिकार गुन्हा ठरली. पण चित्रापायी घरट्यावरची पक्षीण उठवली, तर हाती कॅमेरा असूनही आपण शिकारीच, नाही का?