भीमगीताचा आवाज वाढला, पण शब्द कुठे गेला?

१४ एप्रिल जवळ आली की पातूरपासून अकोल्यापर्यंत भीमगीतं वाजू लागतात. ती वाजलीच पाहिजेत. ज्या समाजाला गावातून मान वर करून चालू दिलं जात नव्हतं, त्याने वाजतगाजत भर रस्त्यावरून निघणं हा साधा उत्सव नाही. २०१५ साली शिर्डीत मोबाइलवरच्या भीमगीताच्या रिंगटोनवरून वाद होऊन एका तरुणाचा खून झाला, ही बातमी देशभर गाजली. म्हणून जयंती आली की ज्यांना अचानक ध्वनिप्रदूषण आठवतं, त्यांच्या रांगेत आम्ही उभे नाही. आमचा प्रश्न घरातला आहे. आवाज वाढवता वाढवता आपण गाण्याच्या आतलं काय गमावलं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. भोंग्याचा आवाज मोठा करणं वेगळं आणि गाण्यातला चढउतार मारून टाकणं वेगळं. गाण्यातल्या सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात जे अंतर असतं, त्याला डायनॅमिक रेंज म्हणतात. भोंगा मोठा केला तरी हे अंतर शाबूत राहू शकतं. ते मारलं जातं रेकॉर्डिंगच्या खोलीत.

आपल्या गाण्याचा जन्म जलशातला. सत्यशोधक जलशांची परंपरा पुढे नेत १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगावी नेले. हाताशी ढोलकी, झांज, तुणतुणं आणि स्वतःचा गळा. शाहीर एखादी ओळ मुद्दाम खालच्या सुरात घ्यायचा, मंडळी कान टवकारायची, आणि मग कोरस उसळायचा. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आणि विठ्ठल उमप (१९३१–२०१०) याच वाटेचे. दुःख हळू सांगायचं आणि निर्धार मोठ्याने, यात अर्धा अर्थ असायचा. ज्या मायबापाला अक्षर येत नव्हतं त्याला महाडचं १९२७ आणि नागपूरचं १९५६ याच गाण्यांनी समजावलं.

पुढे यंत्र आलं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावत. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली आणि १९८० च्या दशकात ती भारतभर स्वस्त झाली. मोठ्या कंपन्यांच्या दारात ज्यांना जागा नव्हती, त्या गायकांचा आवाज कॅसेटमुळे एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, वस्तीतल्या टेपवर पोचला. कॅसेटला खरखर होती. चढउताराला जागा साधारण ५०-६० डेसिबलची. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने ती जागा ९६ डेसिबलपर्यंत नेली.

म्हणजे आता गाणं अधिक मोकळं व्हायला हवं होतं. झालं उलटं. डिजिटल रेकॉर्डिंगला वर एक छत असतं, त्यापलीकडे आवाज जाऊ शकत नाही. मग कम्प्रेसर आणि लिमिटर लावून उंच टोकं दाबायची आणि सगळं गाणं उचलून छताला चिकटवायचं. कारण धंद्याचं आहे. दोन गाणी पाठोपाठ ऐकवली तर जे मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. १९९० नंतर जगभर ही चढाओढ लागली, तिला 'लाउडनेस वॉर' म्हणतात. २००८ साली मेटॅलिका या अमेरिकन बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' अल्बम इतका ठासून भरला होता की त्यांच्याच हजारो चाहत्यांनी तो नव्याने करून द्या अशी मागणी केली.

तीच रीत आपल्या डीजे रिमिक्सात आली. प्रत्येक ठेक्यावर दणका, ध्रुपद आणि कडवं एकाच उंचीवर, गायकाचा श्वाससुद्धा किंकाळीएवढा. इतर नाचगाण्यांचं यात फार बिघडत नसेल. आपलं बिघडतं, कारण आपलं गाणं शब्दाचं आहे. शब्द दणक्याखाली गेला की उरतो फक्त ठेका. आणि नुसता ठेका कोणत्याही मिरवणुकीत चालतो, त्याला बाबासाहेबांची गरज नाही.

'तरुणांना हेच आवडतं,' असं म्हटलं जाईल. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही, कॅसेट हेही यंत्रच होतं. पण या दाबण्याने मिळतं काय? यूट्यूब, स्पॉटिफाय फार मोठी केलेली गाणी आपोआप खाली आणतात. मिरवणुकीत तर डीजेच्या भिंतीत जोर आधीच भरपूर असतो. वर कानाचं नुकसान. कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेतली नायॉश संस्था सांगते की ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. सतत दाबलेल्या गाण्यात तर कानाला उसंतही मिळत नाही. आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, आणि त्या भिंतीपुढे तासन्‌तास चालणारी पोरं आपलीच आहेत.

म्हणून मित्रांनो, यंदा तीन कामं करा. पातूर तालुक्यातल्या घराघरांत ट्रंकेत पडलेल्या जुन्या कॅसेटी शोधा. वऱ्हाडच्या उन्हात फीत टिकत नाही. त्या वेव्ह फाइलमध्ये उतरवा, आवाज 'वाढवून' घेऊ नका, आणि कवी, गायक, वर्ष लिहून ठेवा. दुसरं, नवं गाणं रेकॉर्ड करताना स्टुडिओवाल्याला ठणकावून सांगा की हळू ओळ हळूच राहू दे. तिसरं, जयंतीला डीजे सुरू होण्याआधी एक तास जलशाला द्या, ढोलकी आणि गळ्यावर. गावातल्या म्हाताऱ्या शाहिराला पुढे बसवा आणि पोरांना शब्द पाठ करायला लावा.

जय भीम!