अकरा महिने आईचे, एक बापाचा

विभक्त आईबापांपैकी मूल कुणाकडे किती दिवस राहणार, याचे वेळापत्रक म्हणजे आजच्या कौटुंबिक न्यायालयांची देणगी, असा माझा समज होता. ॲनी बेझंट यांचे खटले वाचताना तो गळून पडला. 1873 च्या विभक्ततेच्या करारातच हिशेब आहे: डिग्बी वडिलांकडे, मेबल वर्षातले अकरा महिने आईकडे, एक महिना वडिलांकडे. इंग्लंडात 1839 चा कायदा होईपर्यंत मूल आईला दिसू द्यायचे की नाही, हे बापाच्या मर्जीवर असे. तिथून इथवरची मजल मोठीच.

पण करार टिकला नाही. बाई उघड नास्तिक, त्यात ब्रॅडलॉ यांच्यासह संततिनियमनाचे पुस्तक छापलेले. 1878 मध्ये न्यायमूर्ती जेसेल यांनी सात वर्षांची मेबल वडिलांच्या हवाली केली. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयात बाईंना मुलांना भेटण्याचा हक्क मिळाला आणि तो त्यांनी वापरलाच नाही! ओढाताणीत मुलांचेच हाल होतात. कळती झाली की ती ठरवतील, एवढाच त्यांचा विचार. निकालापेक्षा हा निर्णय मला अधिक अस्वस्थ करतो. मोठेपणी दोन्ही मुले आईकडे परतली, हे खरे; पण मधली वर्षे गेलीच.

पुढे याच बाईंवर मद्रासेत नारायणय्यांनी आपल्या मुलांच्या, म्हणजे कृष्णमूर्ती आणि नित्यानंद यांच्या ताब्यासाठी दावा लावला. तिथला निकाल प्रिव्ही कौन्सिलने 1914 मध्ये फिरवला. मुलांची इच्छा कुणी विचारलीच नव्हती, हे त्यातले एक कारण. मुले तेव्हा इंग्लंडात होती.