मणिबेली: सातबाऱ्यात न मावलेलं गाव

हेडफोन लावलेत ना? चला, आज नर्मदेवर जाऊ.

आधी एक कबुली देतो. मी जळकोटचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, आठवतंय? पहिल्या गाडीला १० वाघिणी, एकेकीत साधारण ५० हजार लिटर पाणी. मी तेव्हा नुकताच बारावीतून सुटलो होतो. टँकरमागे घागर घेऊन पळालेल्या पोराला धरण म्हणजे देवच वाटतो. त्यामुळे धरणाला विरोध करणारी माणसं मला सरळ चक्रम वाटायची. मणिबेलीबद्दल वाचेपर्यंत.

मॅपवर महाराष्ट्राचं वरचं डावं टोक झूम करा. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका. सातपुडा जिथे नर्मदेत पाय सोडून बसतो, तिथे हे गाव. अलीकडचा काठ महाराष्ट्राचा, पलीकडचा गुजरातचा. वस्ती तडवी आणि वसावा आदिवासींची. नर्मदा आपल्याही राज्याला लागून जाते हे मला बीटेक होईपर्यंत माहीत नव्हतं. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनाही नसेल.

या पट्ट्यात नदी म्हणजे रस्ता. मासळी तिच्यात, गुरांचं पाणी तिच्यात, आणि सोयरीकही तिच्या पलीकडे. लेक समोरच्या काठावर दिलेली, म्हणजे माहेर होडीच्या अंतरावर. घर सागाच्या लाकडाचं आणि बांबूच्या कुडाचं. कुणी घर बांधायला काढलं की गाव जमतं, मजुरी कुणी मागत नाही. देव म्हणाल तर याहामोगी माता, सीमेवरचा वाघदेव, डोंगरातली धान्याची आणि पावसाची दैवतं. एकालाही शिखर-कळस लागत नाही.

आणि होळी! सातपुड्याची होळी आपल्या रंगपंचमीसारखी नसते. नवस केलेले पुरुष कित्येक दिवस व्रत पाळतात, अंगावर राखेची नक्षी काढतात, कमरेला घुंगरं आणि सुकलेले भोपळे बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालतात आणि रात्रभर ढोलावर नाचतात. काठी संस्थानाची होळी बघायला तर आता पुण्या-मुंबईचे फोटोग्राफर जातात. या सगळ्याची पोथी नाही. जे आहे ते गाण्यात आणि म्हाताऱ्यांच्या तोंडात.

गावाजवळच शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर होतं. मराठीत नर्मदा परिक्रमेची पुस्तकं खंडीभर आहेत. त्यांत ‘शूलपाणीची झाडी’ येते ती बहुतेक वेळा परिक्रमावासींना लुटणाऱ्या भिल्लांसाठी. त्या भिल्लांचं पुढे काय झालं, हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही.

झालं असं. १९७९ मध्ये नर्मदा लवादाचा निवाडा आला आणि सरदार सरोवराची उंची ठरली. त्यात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित होणार होती, अक्कलकुव्यातली ९ आणि अक्राणीतली २४. मणिबेली धरणाच्या भिंतीजवळ, म्हणून पाणी आधी तिथे पोचणार होतं. लवादाने जमिनीला जमीन देऊ म्हटलं, सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला, किमान २ हेक्टर ठरवले. त्या काळाच्या मानाने हे खरंच चांगलं होतं, मान्य करायला हवं. अडलं कागदावर. या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या कितीतरी जमिनी वनखात्याच्या नावावर होत्या. म्हणजे कसणारा ‘अतिक्रमणदार’. सातबारा नाही, तर मोबदला कशाचा?

मी रोज डेटा मायग्रेशन करतो, म्हणून मला हे फार ओळखीचं वाटलं. नव्या टेबलात ज्याला रकाना नाही, ते जुन्या सिस्टीममध्येच राहतं आणि सर्व्हर बंद झाला की संपतं. तिथे जमिनीला रकाना होता. मासळीला नव्हता, मोहाच्या झाडाला नव्हता, समोरच्या काठावरच्या लेकीलाही नव्हता. काही कुटुंबं गुजरातच्या वसाहतींत गेली, काही तळोद्याच्या बाजूला. सपाट जमीन मिळाली, पण डोंगर, नदी आणि सोयरे तुटले.

बाकीच्यांनी गाव सोडलं नाही. जागतिक बँकेने १९८५ मध्ये या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. तिच्याच मोर्स समितीने जून १९९२ मध्ये पुनर्वसनावर ताशेरे ओढले, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नाकारलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी चढलं. लोक घरात उभे, पोलीस त्यांना उचलून नेत होते. १९९४ मध्ये शूलपाणेश्वराचं मंदिरही बुडालं. देवाला नवं मंदिर मिळालं, गोऱ्याजवळ.

आणि त्याच वर्षी बँकेच्या ५० व्या वर्षाच्या तोंडावर ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांचा पैसा थांबवा असं जाहीर केलं. त्या कागदाचं नाव ‘मणिबेली जाहीरनामा’. ज्या गावाला रस्ता नव्हता, त्याचं नाव वॉशिंग्टनला पोचलं.

गाव मात्र पूर्ण संपलं नाही. माणसं वर डोंगरावर सरकली. या खोऱ्यात १९९० च्या दशकात ‘जीवनशाळा’ सुरू झाल्या, तिथे पोरं आपल्या बोलीतून मराठीकडे येतात. सरदार सरोवर २०१७ मध्ये १३८.६८ मीटरला पूर्ण झालं आणि २०१९ मध्ये पहिल्यांदा काठोकाठ भरलं. कोरोनात याच भागातली एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत बाळांपर्यंत पोचत होती. नदीचा रस्ता अजून वापरात आहे, फक्त रुंद झालाय. भिंतीपलीकडे १८२ मीटरचा पुतळा उभा आहे, तिथे सेल्फीची रांग लागते.

आता हे सगळं आजच का सांगतोय? ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या शेजारच्या मुखेड तालुक्यात, लेंडी धरणाच्या बुडीत पट्ट्यातल्या हसनाळमध्ये रात्रीत पाणी शिरलं. माणसं गेली. ते गाव आदिवासी नाही, तिथे याहामोगी नाही. पण तिथलीही शेतांची नावं, मरीआईचा दगड, लग्नातल्या ओव्या कुठल्या यादीत आल्यात का, हे मी शोधतोय. पाणी मलाही हवंय, अजूनही. पण आता धरण बघितलं की खाली काय होतं ते आधी विचारतो.

तुमच्या आजोळचं गाव बुडीत क्षेत्रात असेल, तर आजीकडून शेतांची नावं वदवून घ्या आणि व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांची चालेल. मागे कोंबडा ओरडला तरी चालेल.