टोकियोचे मौन आणि आपल्या घरांतले मतभेद

२३ जुलै २०२१, शुक्रवार. टोकियोत रात्रीचे आठ वाजले तेव्हा इस्राएलात दुपारचे दोन वाजले होते, मुंबईत साडेचार, लंडनमध्ये बारा आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे सात. एक वर्ष लांबलेल्या ऑलिंपिकचे उद्घाटन सुरू झाले. आपल्या लोकांनी ते कुठे शब्बाथच्या स्वयंपाकात, कुठे कामाच्या मधल्या सुट्टीत, तर कुठे सकाळच्या चहाबरोबर पाहिले. अश्दोद, लोद, बेरशेबा इथल्या घरांत माशांची आमटी चुलीवर होती आणि टीव्ही बाहेरच्या खोलीत चालू होता. म्हणजे निम्म्या घराने पाहिले आणि निम्म्याने ऐकले.

मैदान जवळजवळ रिकामे होते. महामारीमुळे प्रेक्षकांना बंदी होती, निवडक पाहुणेच आत होते. कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या भागात मिराई मोरियामा या नर्तकाचे एकट्याचे नृत्य झाले. त्यानंतर निवेदकाने महामारीत गेलेल्यांची आठवण काढली, ऑलिंपिकमध्ये प्राण गमावलेल्यांची काढली आणि त्यातल्या एका गटाचा वेगळा उल्लेख केला, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या इस्राएली पथकाचा. मग सगळे उभे राहिले आणि काही क्षण मौन पाळले गेले. आंकी श्पिट्झर आणि इलाना रोमानो, म्युनिकमध्ये पती गमावलेल्या दोघी, त्या वेळी मैदानात हजर होत्या.

उद्घाटन सोहळ्यात असे पहिल्यांदाच घडले. म्युनिकपासून ४९ वर्षांनी.

आमच्या कुटुंबांत त्या दिवशी आणि पुढच्या आठवडाभर फोनवर जे बोलणे झाले ते एकमताचे मुळीच नव्हते. वयस्कर मंडळींपैकी बरेच जण गलबलले होते. एक मावशी तर हातातला झारा तसाच धरून बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहिली. काहींना राग आला. एवढी वर्षे दारात उभे केले आणि शेवटी दिले काय, तर तेही महामारीच्या मृतांबरोबर, एका परिच्छेदात. तरुणांपैकी काहींना हा सगळा भागच जड वाटला. त्यांना आवडले ते आकाशात ड्रोनांनी केलेला पृथ्वीचा गोल आणि खेळांची चिन्हे माणसांनी वेश घालून करून दाखवली तो गमतीचा भाग. बाहेरच्या जगातही असेच दोन तट होते. कुणी सोहळा उदास आणि लांबलेला म्हणाले, कुणी म्हणाले की अशा वर्षी असाच हवा होता.

आमचे मत सांगायचे तर मौन योग्य होते आणि अपुरेही होते. अपुरे का, ते कळायला थोडे मागे जावे लागेल.

म्युनिकचे उद्घाटन २६ ऑगस्ट १९७२ ला झाले. तो शनिवार होता, शब्बाथचा दिवस. जर्मनीला १९३६ च्या हिटलरी बर्लिन ऑलिंपिकची आठवण पुसायची होती, म्हणून सगळे हलके, आनंदी आणि रंगीत ठेवले होते. हजारो शाळकरी मुले फुलांच्या माळा घेऊन नाचली, संचलनाला लष्करी बँडऐवजी खेळकर संगीत होते. पहारेकऱ्यांचा गणवेशसुद्धा फिकट निळा, पोलिसांसारखा वाटू नये असा. डाखाऊची छळछावणी तिथून जवळच. इस्राएली खेळाडू आधी तिथे जाऊन आदरांजली वाहून आले आणि मग मैदानात उतरले. जर्मन भूमीवर निळा-पांढरा ध्वज घेऊन यहुदी चालत आहेत, या दृश्यासाठी इस्राएलातल्या प्रेक्षकांनी सोहळ्यातले बाकीचे सगळे विसरायचे ठरवले असावे.

मुंबईतल्या आपल्या लोकांना मात्र हे पाहता आले नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे ऑलिंपिक संपल्यानंतर तीन आठवड्यांनी. आपल्याकडे रेडिओ होता, वर्तमानपत्र होते आणि इस्राएलहून येणारी पत्रे होती. तेव्हा भारत आणि इस्राएल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंधही नव्हते, ते जानेवारी १९९२ मध्ये जुळले. भायखळा, माझगाव, ठाणे, पनवेल, अलिबाग इथे आईवडील आणि तिकडे दिमोना, किर्यात गात इथे मुले, अशी कितीतरी घरे होती.

५ सप्टेंबरच्या पहाटे आठ पॅलेस्टिनी बंदूकधारी क्रीडाग्रामात शिरले. कुस्तीचे प्रशिक्षक मोशे वाइनबर्ग आणि वजन उचलणारे योसेफ रोमानो यांना त्यांनी तिथेच मारले आणि नऊ जणांना ओलीस धरले. रात्री फ्युर्स्टनफेल्डब्रुक विमानतळावर जर्मन पोलिसांचा सुटकेचा प्रयत्न फसला आणि ते नऊही गेले. एक जर्मन पोलीसही मारला गेला. त्या रात्री पहिली बातमी आली ती ओलीस सुटल्याची. कित्येक लोक ती ऐकून निश्चिंत झोपले आणि सकाळी उठले तेव्हा खरे कळले. नव्याचा सण तीन दिवसांवर आला होता.

६ तारखेला मैदानात शोकसभा झाली. ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांनी खेळ पुढे चालू राहतील असे जाहीर केले. त्याच भाषणात त्यांनी या हत्याकांडाच्या जोडीला ऱ्होडेशियाला स्पर्धेतून वगळण्याचा वाद आणून बसवला. ध्वज अर्ध्यावर उतरवले होते, पण काही अरब देशांच्या मागणीवरून त्यांचे ध्वज पुन्हा वर चढवण्यात आले. पुढची सगळी वर्षे समितीचे धोरण समजून घ्यायला ही एक गोष्ट पुरते.

पुढे दर चार वर्षांनी मृतांच्या बायका विचारत राहिल्या आणि उत्तर नकाराचे येत राहिले. सगळ्यात जास्त बोलबाला झाला तो ४० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, लंडनला. विनंतीपत्रावर एक लाखाहून जास्त सह्या होत्या आणि अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांचाही पाठिंबा होता. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष जाक रोग यांनी सांगितले की उद्घाटनाचे वातावरण अशा दुःखद स्मरणाला योग्य नाही. सोहळ्याच्या चार दिवस आधी त्यांनी क्रीडाग्रामात अचानक मौन पाळले. तिथे जेमतेम शंभरेक माणसे होती.

आता त्या लंडनच्या रात्रीची तारीख पाहा. २७ जुलै २०१२, शुक्रवार. लंडनमध्ये सूर्य मावळला आणि सोहळा सुरू झाला. आपल्या पंचांगाप्रमाणे त्याच सूर्यास्ताला आवची नववी तारीख लागली होती, दोन्ही मंदिरे पडल्याचा दिवस. आपले वाडवडील ज्याला बिरड्याचा रोजा म्हणत तो हाच. शब्बाथ असल्यामुळे उपास एक दिवस पुढे गेला, पण तिथी तीच. आयोजकांना हे कुणी सांगितले असेल असे वाटत नाही आणि त्यांच्यावर त्याचा दोषही नाही. तरी आमच्यातल्या शब्बाथ पाळणाऱ्यांनी तो सोहळा पाहिला नाही, शनिवारी रात्री लगेच उपास लागला आणि त्यांच्या कानावर सगळे आले ते रविवारी संध्याकाळी, उपास सोडताना. त्याच घरांतल्या इतरांनी मात्र शुक्रवारी रात्री अकरापासून जागून पाहिला होता. एका जेवणावर दोन्ही बाजू समोरासमोर आल्या की काय होते ते सांगायला नको.

ज्यांनी पाहिला त्यांच्यातही फाटाफूट होती. डॅनी बॉयल यांनी बसवलेला तो सोहळा खरोखर बघण्यासारखा होता. हिरवे कुरण, त्यातून उगवणाऱ्या कारखान्यांच्या चिमण्या, इस्पितळाच्या पलंगांवर उड्या मारणारी मुले आणि नर्स, मिस्टर बीन, जेम्स बाँडबरोबर निघालेली राणी. इंग्लंडमधल्या आपल्या घरांत, विशेषतः ज्यांनी तिथल्या सरकारी इस्पितळांत आयुष्यभर नोकरी केली त्यांना, तो नर्सचा भाग फार भिडला. ब्रिटनमध्येही सगळे खूश नव्हतेच. सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने त्या बहुरंगी चित्रणाची जाहीर खिल्ली उडवली आणि मग सारवासारव केली. भारतात त्या रात्रीची चर्चा तिसरीच. भारतीय पथकाबरोबर लाल शर्ट घातलेली एक अनोळखी बाई चालत होती, ती कोण यावर वर्तमानपत्रांनी दिवस काढले. मुंबईच्या नातेवाइकांना फोन करावा तर त्यांना तिच्याबद्दलच बोलायचे!

दुखले ते दुसरीकडे. त्या सोहळ्यात मृतांचे स्मरण होते. प्रेक्षकांनी पाठवलेले, हयात नसलेल्या आप्तांचे फोटो पडद्यावर दाखवले गेले आणि अक्रम खान यांच्या मंडळीने मृत्यूवर एक शांत नृत्य केले. बहुतेकांनी ते २००५ च्या लंडन बाँबस्फोटांतल्या ५२ मृतांसाठी मानले. (अमेरिकेत वाहिनीने नेमका हाच भाग कापून एका जलतरणपटूची मुलाखत लावली, त्यावरून तिथे वेगळा गदारोळ झाला.) नृत्य सुंदर होते यात वाद नाही. पण म्हणजे उद्घाटनात दुःखाला जागा नाही हे कारण खरे नव्हते. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी व्हँकुव्हरला हिवाळी ऑलिंपिकच्या दिवशी सरावात जॉर्जियाचा तरुण खेळाडू गेला, तेव्हा उद्घाटनात मौन पाळले होते. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांतला फाटका ध्वज मैदानात आणला होता. दोन्ही योग्यच होते. अकरा यहुदींची पाळी आली की मात्र वातावरण आडवे येत होते.

आमच्यातले काही जण तेव्हाही म्हणाले, कशाला मागत बसायचे, आपण आपले कद्दिश म्हणू. या म्हणण्यात अभिमान आहे, तो आम्हाला कळतो. पण आपल्या समाजाला मागण्याचा अनुभव आहे. १९६२ नंतर लग्नाच्या वेळी आपल्या पूर्वजांची चौकशी होऊ लागली तेव्हा आपल्या लोकांनी जेरुसलेमला धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने बेने इस्राएल सर्व दृष्टींनी यहुदी असल्याचे जाहीर केले, तेही आपोआप नाही. त्या धरण्यात बसलेल्या पिढीतल्या माणसांना आंकी आणि इलाना यांचा हट्ट समजावून सांगावा लागला नाही.

२०१६ मध्ये रिओला एक पाऊल पुढे पडले. क्रीडाग्रामात स्मरणस्थळ उभारले आणि अध्यक्ष थॉमस बाख यांनी अकरा जणांची नावे स्वतः वाचली. पण पुन्हा क्रीडाग्रामात, जगाच्या डोळ्यांआड.

टोकियोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मौनाच्या बातमीखाली दबली. सोहळ्याच्या आदल्याच दिवशी त्याचे दिग्दर्शक केंतारो कोबायाशी यांना काढून टाकले. १९९८ च्या त्यांच्या एका विनोदी कार्यक्रमात यहुद्यांच्या संहारावर थट्टा होती, ती बाहेर आली. चोवीस तासांत एकाच सोहळ्याने आम्हाला या दोन बातम्या दिल्या. मौन मनापासून होते की सावरण्यासाठी, असा प्रश्न काहींनी विचारला. आम्हाला तो फारसा पटत नाही. दोन विधवांना मैदानात बोलावणे एका रात्रीत होत नाही.

आणि एक हलकी बाब. जपानी अक्षरक्रमाने संचलन झाले, त्यामुळे इस्राएल आणि भारत यांच्यात इटली, इराक आणि इराण एवढेच आले. हाना मिनेन्को आणि याकोव तुमार्किन यांच्या हातातला ध्वज गेला आणि पाचेक मिनिटांत मेरी कोम आणि मनप्रीत सिंग आले. आपल्या घरांत दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. मधल्या दोघांच्या वेळी सगळे आमटी ढवळायला गेले.

अपुरेपण राहिले ते नावांचे. टोकियोत नावे उच्चारली गेली नाहीत. आपल्या सिनॅगॉगमध्ये हशकाबा म्हणताना माणसाचे नाव आणि त्याच्या बापाचे नाव घेतल्याशिवाय ती होत नाही. आपल्याला हे जास्त जाणवते, कारण आपल्या कथेची सुरुवातच बिननावाच्या मृतांपासून होते. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरले, असे आपण पिढ्यानपिढ्या सांगतो. आज तिथे स्मारक आहे, पण त्यावर लिहायला आपल्याजवळ एकही नाव नाही. म्युनिकच्या मृतांची नावे तर सगळ्यांना ठाऊक आहेत.

मोशे वाइनबर्ग, योसेफ रोमानो, योसेफ गुटफ्रॉइंड, केहात शोर, अमित्सूर शपिरा, आंद्रे श्पिट्झर, याकोव श्प्रिंगर, झेएव फ्रीडमन, दाविद बर्गर, एलिएझर हाल्फिन आणि मार्क स्लाविन. बहुतेक आपल्यासारखेच दुसऱ्या देशातून आलेले. रोमानो लिबियातून, श्पिट्झर रुमानियातून, बर्गर अमेरिकेतून. मिन्स्कहून आलेला स्लाविन १८ वर्षांचा होता आणि इस्राएलात येऊन त्याला काही महिनेच झाले होते.

हशकाबासाठी ज्यांना हिब्रू तारीख हवी त्यांच्यासाठी: वाइनबर्ग आणि रोमानो यांची २६ एलूल आणि मध्यरात्रीनंतर गेलेल्या बाकी नऊ जणांची २७ एलूल, वर्ष ५७३२.