फेसवर स्केच काढायचं नाही: एका नियमाचा मागोवा आणि फ्रीकॅड १.०

या वेळी माझ्या स्वतःच्या एका फजितीपासून सुरुवात करते. पीएचडीला नाव नोंदवायच्या तयारीत असाल तर तुमच्या वाट्याला अशी फजिती कधी ना कधी येणारच.

माझा विषय आहे छोट्या कारखान्यांतल्या ड्रॉइंगचा इतिहास: ट्रेसिंग पेपरपासून कॅडपर्यंत. त्यासाठी मी भोसरी एमआयडीसीच्या जे ब्लॉकमधल्या एका वर्कशॉपमध्ये जात होते. दोन व्हीएमसी, एक रेडियल ड्रिल, वर माळ्यावर ड्रॉइंगचं टेबल. काम जिग-फिक्स्चरचं. ड्रॉइंग करणारे दादा फ्रीकॅडवर काम करतात, कारण महागड्या सॉफ्टवेअरचं वार्षिक लायसन्स शेठना परवडत नाही. ते नव्या पोराला शिकवत होते, मी बाजूला बसून लिहून घेत होते. तेवढ्यात ते म्हणाले, "फेसवर स्केच कधी काढायचं नाय. प्लेनवर काढायचं, आणि मोजून वर घ्यायचं." मी विचारलं, का? "अहो मॅडम, असंच असतं. मी पण असंच शिकलो."

तुम्ही असता तर काय लिहिलं असतं? मी लिहिलं की टूलरूममध्ये प्रत्येक माप एका मूळ पृष्ठापासून घ्यायची जुनी शिस्त आहे आणि तीच आता संगणकावर उतरली आहे. स्थानिक कारागिरी, पिढ्यांचं ज्ञान वगैरे. चार पानं झाली. फार आवडली होती मला ती पानं.

गाइडनी एकच प्रश्न विचारला: "हा नियम दुसरीकडे कुठे आहे का, हे पाहिलंस?" नव्हतं पाहिलं. पाहिलं तेव्हा कळलं की जगभर फ्रीकॅड वापरणारे लोक नव्या माणसाला हाच सल्ला देत होते. कारण भोसरीत नव्हतं, सॉफ्टवेअरमधल्या एका जुन्या दुखण्यात होतं. त्याचं नाव टोपोलॉजिकल नेमिंगची अडचण. २०२४ मध्ये आलेल्या फ्रीकॅडच्या १.० आवृत्तीचा निम्मा इतिहास म्हणजे या दुखण्याचा इतिहास.

आधी दुखणं समजून घ्या. फ्रीकॅडमध्ये वस्तू पायऱ्यापायऱ्यांनी घडते. स्केच काढायचं, त्याला जाडी द्यायची, पॉकेट मारायचा, कडेला फिलेट द्यायचा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या एखाद्या पृष्ठावर किंवा कडेवर टेकलेली असते. ती कुठे टेकली हे प्रोग्राम लक्षात ठेवतो ते ‘फेस६’, ‘एज१२’ अशा नावांनी. आणि हे आकडे म्हणजे नुसता मोजणीचा क्रम. तुम्ही मागे जाऊन पहिल्या स्केचमध्ये एक खाच वाढवली की सगळं पुन्हा मोजलं जातं. कालचा फेस६ आज फेस८ असतो, आणि फेस६ हे नाव भलत्याच पृष्ठाला मिळालेलं असतं. फिलेट दुसऱ्या कडेवर जातो, वरचं स्केच बाजूच्या भिंतीवर जाऊन चिकटतं. कधी एरर येते, ते बरं. वाईट म्हणजे कधीकधी येतच नाही. ०.२१ ही आवृत्ती कुठे मिळाली तर दहा मिनिटांत घरी करून बघा.

चाकणकडच्या लोकांना हे समजवायला मी सातबाऱ्याचं उदाहरण देते. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगावी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. पुढे पोटहिस्से पडले, काही जमीन एमआयडीसीत गेली. नंबर कितीही बदलले तरी जमीन कोणती हे शोधता येतं, कारण फेरफार असतो. कोणत्या गटातून कोणता तुकडा, केव्हा आणि कशामुळे निघाला, याची नोंद गाव नमुना सहामध्ये सापडते. आता असा तलाठी कल्पून बघा, जो दर बांधबदलानंतर सगळी दप्तरं फेकून देतो आणि गावाच्या एका टोकापासून चालत पुन्हा एक, दोन, तीन मोजतो. फ्रीकॅड वर्षानुवर्षं असा तलाठी होता. उपाय उघड आहे: फेरफार ठेवा. ‘हे पृष्ठ त्या स्केचच्या त्या रेषेतून, त्या पायरीने तयार झालं’ अशी वंशावळच नाव म्हणून वापरा.

हा उपाय कोणाला सुचला नव्हता असं नाही. पायऱ्यांनी घडणारं कॅड बाजारात आलं ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस, प्रो-इंजिनिअर या नावाने. त्याच्या मागोमाग संशोधकांनी हा प्रश्न हाती घेतला. यिरी क्रिपाच यांचा यावरचा लेख १९९७ मध्ये कॅडच्या नियतकालिकात आला, आणि कापोयलीस, चेन व हॉफमन यांचा १९९६ मध्ये. दोन्ही वाचा, पानं फार नाहीत. पैसे घेऊन विकणाऱ्या कंपन्यांनी आपापली उत्तरं आपापल्या कुलपात ठेवली. गंमत अशी की त्यातल्या काही कंपन्यांची मोठी विकासकेंद्रं पुण्यातच आहेत. भोसरीतले दादा ज्या अडचणीला वळसा घालत होते, ती आपल्या प्रॉडक्टमध्ये कशी सोडवायची हे जाणणारी माणसं कदाचित त्यांच्यापासून तासाभराच्या अंतरावर बसत असतील.

फ्रीकॅडकडे काय होतं? युर्गन रीगल आणि वेर्नर मायर यांच्यासारखे मोजके लोक. पहिली आवृत्ती २००२ ची. आकारांचं गणित करणारा गाभा त्यांनी लिहिला नाही, ओपन कॅस्केडचा घेतला. हा गाभा फ्रान्सच्या मात्रा डेटाव्हिजनचा, १९९९ मध्ये खुला केलेला. (आपल्याकडे आयआयटी मुंबईत तयार झालेलं, आयएस ८०० प्रमाणे स्टीलची रचना करणारं ओसडॅगसुद्धा याच गाभ्यावर चालतं.) गाभा फुकट मिळाला, पण पृष्ठांना टिकाऊ नावं द्यायची जबाबदारी त्याच्या वर बसणाऱ्या प्रोग्रामवर आली. ती पुरी करायला पाया खणावा लागतो, आणि सुट्टीच्या दिवशी काम करणारी माणसं पाया खणण्याऐवजी नवी खोली बांधतात. त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही, माझ्या प्रबंधाची गतही तीच आहे.

मग एक माणूस आला, ‘रिअलथंडर’ या टोपणनावाने ओळखला जाणारा. त्याने फ्रीकॅडची आपली वेगळी शाखा काढली आणि तिच्यात हा फेरफार लिहून दाखवला. म्हणजे १.० च्या कित्येक वर्षं आधीपासून चालणारं उत्तर जगासमोर होतं, लोक ते उतरवून घेऊन वापरतही होते. त्याचं ‘लिंक’ नावाचं दुसरं काम २०२१ च्या ०.१९ मध्ये मुख्य प्रकल्पात आलं. नावांचं काम मात्र बाहेरच राहिलं.

इथे जरा थांबा, कारण मला वाटतं खरा इतिहास इथे आहे. तयार उत्तर आत का येत नव्हतं? कामाचा पसारा प्रचंड, गाभ्याजवळच्या जवळजवळ प्रत्येक फाइलला हात लागलेला, आणि सगळं एकाच्या डोक्यातून आलेलं. ते आत घ्यायचं तर ते समजणारे दुसरे लोक हवेत. तो माणूस उद्या नसला तर दुरुस्ती कोण करणार? त्यात मुख्य प्रकल्प थांबलेला नव्हता, तो पुढे जात होता आणि शाखेतलं अंतर दर महिन्याला वाढत होतं. शेवटी तो कोड तुकड्यातुकड्यांनी, प्रत्येक तुकड्याबरोबर चाचण्या लिहीत, बऱ्याच जणांनी मिळून आत आणला, २०२४ मध्ये. तोवर पैशाची थोडी सोय झाली होती. २०२१ मध्ये बेल्जियममध्ये प्रकल्पाची संस्था नोंदली गेली होती. ऑन्डसेल नावाच्या कंपनीने माणसं लावली होती, आणि सुटे भाग जोडायच्या नव्या असेम्ब्ली वर्कबेंचमध्येही तिचा मोठा वाटा होता. नावांची अडचण आणि असेम्ब्ली या दोन गोष्टी झाल्याशिवाय १.० म्हणायचं नाही असं प्रकल्पात ठरलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आली. त्याच्या थोडंच आधी ऑन्डसेलने गाशा गुंडाळायचं जाहीर केलं होतं.

आणि हो, प्रकल्पाने स्वतः ‘अडचण मिटली’ असं म्हटलं नाही, ‘कमी केली’ असं म्हटलं. तुम्ही लिहाल तेव्हा हा फरक जपा.

आता तुमच्या कामाचं. असा इतिहास शोधायला गिट लॉग उघडाल तेव्हा दोन सापळे आहेत. एक, गिटमध्ये प्रत्येक नोंदीला दोन तारखा असतात, लिहिल्याची आणि आत घेतल्याची. साधा लॉग तुम्हाला पहिलीच दाखवतो. दुसरी मागून घ्यावी लागते. दोन, ‘गिट ब्लेम’ प्रत्येक ओळीपुढे एक नाव दाखवतो, ते ओळ शेवटची बदलणाऱ्याचं. कोड एका शाखेतून दुसरीत हाताने वाहून आणला असेल तर तिथे हमालाचं नाव दिसू शकतं, गवंड्याचं दिसेलच असं नाही. नुसत्या ओळी मोजून ‘कोणी किती काम केलं’ असा तक्ता केलात तर वर्षानुवर्षांची मेहनत एका माणसाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जाईल. आणि उलटंही खरं आहे. वाहून आणणं, वाचणं, चाचणी लिहिणं हे काम इतकं मोठं होतं, की ते हमालीत काढणं हाही अन्याय. मी वर तो शब्द वापरला तो मुद्दाम ठेवला आहे, तुम्हाला खटकावा म्हणून.

भोसरी-चाकणसाठी याचं महत्त्व काय? १९६२ मध्ये एमआयडीसी आली, १९६० च्या दशकात टेल्को आणि बजाज, पुढे चाकणला बजाजचा नवा कारखाना आणि २००९ मध्ये फोक्सवॅगन. यांना माल पुरवणाऱ्या छोट्या युनिटकडे आज बहुधा स्टेप फाइल येते. तिच्यात आकार असतो, तो कोणत्या पायऱ्यांनी घडला ते साधारणपणे नसतं. ब्रॅकेटची रिव्हिजन बी आली की फिक्स्चर बदलायचं, आणि फिक्स्चरच्या पायऱ्या तेवढ्या वर्कशॉपच्या स्वतःच्या असतात. त्याच बेभरवशाच्या असतील तर दर रिव्हिजनला अर्धं मॉडेल नव्याने काढावं लागतं. बिल मात्र ‘किरकोळ बदल’ म्हणूनच लागतं. दादांचा नियम त्या फुकट जाणाऱ्या तासांतून आलेला होता. म्हणजे कारागिरीचं ज्ञान तो होताच, फक्त माझ्या चार पानांत लिहिलेलं नव्हतं.

गेल्या महिन्यात पुन्हा गेले. १.० त्यांच्या संगणकावर होतीच, पोराने घातलेली. मी फेरफाराची गोष्ट सांगितली. ती त्यांना लगेच कळली, त्यांच्या घरची जमीन खेडकडे आहे. मग त्यांनी एक ठोकळा काढला, वरच्या फेसवर स्केच टाकलं, मागे जाऊन खाच मारली. स्केच जागेवर राहिलं. आणखी दोन खाचा मारून बघितल्या.

"बरं झालं," म्हणाले. मग पोराकडे वळून, "तू काढ फेसवर. माझं राहू दे प्लेनवर." गिऱ्हाइकाकडे जायची फाइल त्यांनी जुन्याच पद्धतीने पुरी केली.