३८४० चं कूळ

नव्या टीव्हीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘फोर-के’ लिहिलेलं असतं आणि त्याच खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत ३८४० × २१६०. के म्हणजे हजार. मग चार हजार कुठे आहेत? दुकानात विचारलं तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं : फुल एचडीपेक्षा ठिपके चौपट, म्हणून फोर-के. चौपट ही गोष्ट खरी आहे. फुल एचडीचे १९२० × १०८० दोन्ही बाजूंनी दुप्पट केले की ३८४० × २१६० होतात. पण नाव त्यावरून पडलेलं नाही, आणि हे पडताळायला त्याच दुकानातला एट-के टीव्ही पुरेसा आहे. चौपटीचा हिशेब खरा असता तर एट-के फुल एचडीच्या आठपट असायला हवा होता. त्याचे ठिपके ७६८० × ४३२०, म्हणजे सोळापट भरतात.

फोर-के हे नाव सिनेमाच्या घरून आलं. पस्तीस मिलिमीटरची फिल्म संगणकात उतरवताना तिच्या रुंदीत ४०९६ ठिपके मोजायची रीत पडली होती. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, संगणकवाल्यांचा लाडका आकडा. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी २००५ मध्ये डिजिटल चित्रपटगृहांसाठी प्रमाण ठरवलं तेव्हा पडदा ४०९६ × २१६० चा धरला. टीव्ही बनवणाऱ्यांनी पुढे हे नाव उचललं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने ‘अल्ट्रा एचडी’ हे अधिकृत नाव दिलं, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी बसलं ते फोर-के.

तर नाव उसनं आहे. ३८४० हा आकडा मात्र टीव्हीचा स्वतःचा, वाडवडिलांकडून आलेला. त्याचा माग काढत मागे जात राहिलं की वाट जिथे थांबते ती जागा मला आजही थक्क करते. तिथे चित्राचा संबंध नाही, काचेचा नाही, रंगाचाही नाही. तिथे आहे अमेरिकेतल्या कृष्णधवल टीव्हीचा आवाज.

पायरीपायरीने उतरू. ३८४० हे १९२० च्या दुप्पट, त्यात गूढ काही नाही. १९२० कुठून आले? ते आले ७२० वरून. ७२० हा आकडा १९८२ चा. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय समितीने टीव्हीचं चित्र अंकांत कसं मांडायचं याचा पहिला जागतिक नियम केला आणि दर आडव्या रेषेत ७२० नमुने धरले. पुढे हाय डेफिनिशनची वेळ आली तेव्हा तपशील दुप्पट हवा, म्हणून १४४०. पण जुना पडदा ४:३ होता आणि नवा १६:९, म्हणजे नेमका चार-तृतीयांशपट रुंद. १४४० ला चार-तृतीयांशने गुणा : १९२०.

१६:९ बद्दल दोन शब्द, कारण त्याच्या जन्माच्याही दोन कथा आहेत. पहिली आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या कर्न्स पॉवर्स यांची. त्यांनी त्या वेळी चालू असलेल्या सगळ्या पडद्यांचे आयत सारख्या क्षेत्रफळाचे काढले, एकावर एक ठेवले, आणि सगळ्यांना सामावणारा बाहेरचा आयत व सगळ्यांत सामायिक असलेला आतला आयत, दोन्ही जवळपास १६:९ चे निघाले. दुसरी कथा निव्वळ अंकगणिताची : चार-तृतीयांशचा वर्ग केला की सोळा-नवमांश मिळतात. मला दोन्ही एकाच वेळी खऱ्या वाटतात. पॉवर्स यांच्या आयताचं गुणोत्तर १.७७ च्या आसपास येत होतं. त्या आसपासच्या अपूर्णांकांतून १६:९ च का निवडला गेला, याचं उत्तर वर्गात आहे. ७२० वरून १९२० पूर्णांकात निघतात ते त्या वर्गामुळेच. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने आपली हायव्हिजन ही हाय डेफिनिशन पद्धत आधी ५:३ वर बेतली होती. ते गुणोत्तर टिकलं असतं तर १४४० चे १८०० झाले असते.

आता १०८०. इथे माझं बहुतेकांशी जमत नाही. सर्वसाधारण समज असा की टीव्ही म्हणजे रेषा, रेषा म्हणजे उंची, म्हणून १०८० हा मूळ आकडा आणि १९२० त्याच्यामागून आलेला. आपण बोलतोही तसंच, टेन-एटी. या समजाला आधार आहे. टोकियो ऑलिंपिक १९६४ मध्ये झाल्यावर एनएचकेने संशोधन सुरू केलं आणि ११२५ रेषांची पद्धत बसवली. आजच्या एचडीतही एकूण रेषा ११२५ च असतात, हे मान्य करायलाच हवं. पण त्या पद्धतीत प्रत्यक्ष दिसणाऱ्या रेषा १०३५ होत्या. १९२० नमुने आणि १०३५ रेषा १६:९ च्या पडद्यात बसवल्या की ठिपका चौरस राहत नाही, किंचित ताणला जातो. संगणकवाल्यांना नेमका चौरस ठिपका हवा होता. म्हणून १९२० ला हात न लावता त्याचे नऊ-षोडशांश काढले : १०८०. रुंदी जागची हलली नाही, उंचीने जुळवून घेतलं. माझ्या मते एवढ्यावर निकाल लागतो. रुंदी थोरली, उंची धाकटी.

आणि रुंदी थोरली का, याचं उत्तर १९८२ च्या तडजोडीत आहे. तेव्हा जग दोन तटांत वाटलेलं होतं. अमेरिका आणि जपान ५२५ रेषांचे, सेकंदाला साठ अर्धचित्रांचे. युरोप आणि भारत ६२५ रेषांचे, पन्नासांचे. (हे आकडे असे विचित्र का? कारण टीव्हीच्या सुरुवातीच्या काळातल्या निर्वात नळ्यांच्या मंडलांना लहान विषम संख्यांनीच बिनचूक भाग देता यायचा. ५२५ म्हणजे ३ × ५ × ५ × ७, ६२५ म्हणजे पाचचा चौथा घात, ब्रिटिशांच्या जुन्या ४०५ रेषा म्हणजे तीनचा चौथा घात गुणिले पाच.) उंचीवर एकमत होणं अशक्य होतं, दोन्हीकडे कोट्यवधी संच घराघरांत बसलेले. एकमत होण्यासारखी गोष्ट एकच उरली : एका रेषेत नमुने किती घ्यायचे.

युरोपातून सेकंदाला एक कोटी वीस लाख नमुन्यांची, म्हणजे १२ मेगाहर्ट्‌झची सूचना होती. अमेरिकेत १४.३ चालत होते, ते त्यांच्या रंगाच्या वारंवारतेच्या चौपट म्हणून. १९८१ च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत निरनिराळे वेग शेजारी शेजारी लावून पाहिले गेले. ठरले ते १३.५. वर्षानुवर्षं याला ‘मधला आकडा’ म्हणून सोडून दिलं जातं. मधला तो आहेच, पण १३ का नाही, १४ का नाही?

अट अशी होती की दोन्ही तटांच्या एका रेषेत नमुन्यांची संख्या पूर्ण भरली पाहिजे. युरोपीय रेषा सेकंदाला १५,६२५ वेळा आखली जाते, अमेरिकी १५,७३४ आणि वर थोडी वेळा. दोन्हींनी नेमका भाग जाणारा सर्वांत लहान आकडा २२ लाख ५० हजार आहे : पहिलीच्या १४४ पट, दुसरीच्या १४३ पट. म्हणजे चालतील ते फक्त २.२५ मेगाहर्ट्‌झचे पाढे. ११.२५ कमी पडतात. १५.७५ जास्त होतात. १२ आणि १४.३ यांच्या मध्ये त्या पाढ्यातला एकच आकडा आहे, १३.५. तो निवडावा लागला नाही, तिथे दुसरं कोणी नव्हतंच.

आता खरी गोष्ट. अमेरिकी रेषेचा वेग १५,७३४ आणि वर थोडा असा आडमुठा का? ५२५ रेषा आणि सेकंदाला तीस पूर्ण चित्रं यांचा गुणाकार १५,७५० येतो, आणि १९४१ पासून तोच चालू होता. तो बिघडला १९५३ मध्ये, रंगामुळे. अमेरिकी प्रक्षेपणात चित्राच्या लहरीपासून आवाजाची लहर बरोबर ४.५ मेगाहर्ट्‌झवर असायची. रंगाची नवी लहर त्या दोघींच्या मध्ये, ३.५८ वर घुसवली. रंग आणि आवाज शेजारी आल्यावर त्यांच्या घर्षणातून ०.९२ मेगाहर्ट्‌झची तिसरी लहर उठू लागली आणि ती पडद्यावर सरकत्या ठिपक्यांच्या नक्षीसारखी दिसू लागली. ही नक्षी लपवायचा उपाय होता : ४.५ मेगाहर्ट्‌झला रेषेच्या वेगाने पूर्ण भाग गेला पाहिजे. १५,७५० ने भागलं तर २८५.७१ येतात. जवळचा पूर्णांक २८६.

दोन मार्ग होते. आवाज किंचित वर सरकवायचा, किंवा रेषा किंचित मंद करायची. आवाज हलवला असता तर घराघरांतले जुने कृष्णधवल संच, जे ४.५ वर कान लावून बसले होते, त्यांच्यात खरखर आली असती अशी भीती होती. म्हणून आवाज जागेवर ठेवला आणि चित्र हलवलं. ४.५ मेगाहर्ट्‌झ भागिले २८६ : १५,७३४ आणि वर थोडं. साठ अर्धचित्रांची ५९.९४ झाली, ती त्या दिवसापासून. व्हिडिओ संपादन करणारा प्रत्येक जण आजही २९.९७ या आकड्याने जेरीस येतो, तो आकडा याच निर्णयाचा वंशज आहे.

आता २८६ हे १४३ च्या दुप्पट, आणि २.२५ हे ४.५ च्या निम्मे. म्हणजे १९८२ च्या समितीला सापडलेला सामायिक आकडा हा अमेरिकी आवाजाच्या अंतराचा अर्धा भाग आहे, आणि १३.५ हे त्या अंतराच्या बरोबर तिप्पट. ४.५ वरून १३.५, तिथून ७२०, तिथून १९२०, तिथून ३८४०. घरातल्या पडद्याची रुंदी एका आवाजाने ठरवली आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. १३.५ वरून ७२० आपोआप येत नाहीत. रेषेचा चित्र दाखवणारा भाग युरोपात ५२ मायक्रोसेकंद, अमेरिकेत सुमारे ५२.७. १३.५ ने गुणलं तर ७०२ आणि ७११ मिळतात. ७११ पासून ७२० पर्यंतचे उरलेले नऊ कुठून आले? माझं ठाम मत असं की ७११ ला सामावून घेणारी, सोळाने भाग जाणारी पहिली संख्या ७२० आहे, आणि अंकांच्या यंत्रांना सोळाचे गठ्ठे सोयीचे पडतात. शिवाय ७२० ला जवळपास सगळ्या लहान संख्यांनी भाग जातो. म्हणजे शेवटचा हात सोयीचा होता. पण हात फिरवायला जमीन आवाजाने दिली होती. युरोपचे १२ जिंकले असते तर त्याच हिशेबाने रेषेत ६४० नमुने बसले असते, त्यांचे दुप्पट करून चार-तृतीयांश काढले तर १७०६.६७ येतात. पूर्ण आकडाच निघत नाही. फुल एचडी हे नाव घेण्याजोगं काही वेगळंच जन्माला आलं असतं.

दुसरा आक्षेप योगायोगाचा. ४५ लाखांना युरोपच्या १५,६२५ ने नेमका भाग जातो (२८८ वेळा) हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. तो योगायोगच आहे, आणि तो घडला नसता तर दोन तटांना सामायिक आकडा इतका लहान मिळालाच नसता. युरोपची रेषा म्हणजे पाचचा सहावा घात. शून्यांनी संपणाऱ्या गोल आकड्यांशी तिचं जमणं स्वाभाविक होतं.

आपल्याकडे या गोष्टीला एक वेगळं वळण आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं ते ६२५ रेषांवर, आणि आपल्या प्रक्षेपणात आवाज चित्रापासून ४.५ वर नव्हे, ५.५ मेगाहर्ट्‌झवर होता. १९८२ मध्ये, ज्या वर्षी तो जागतिक नियम झाला त्याच वर्षी, आपल्याकडे रंग आला, तोही पाल पद्धतीचा. अमेरिकी ४.५ आपल्या हवेत कधी वापरात नव्हते. तरी आज दादरच्या किंवा नागपूरच्या दिवाणखान्यातला पडदा त्याच ४.५ च्या मापाने रुंद आहे.

खरेदी करणाऱ्याला यातून हाती लागण्यासारखं बरंच आहे. ७२० अजून निवृत्त झालेले नाहीत. केबलवरच्या, डीटीएचवरच्या कितीतरी मराठी वाहिन्या साध्या एसडीत येतात, आणि भारतात एसडी म्हणजे ७२० × ५७६, थेट १९८२ चा तो नियम. ३८४० भागिले ७२० केले तर साडेपाचच्या आत येतात, पाच आणि एक-तृतीयांश. म्हणजे मालिकेतल्या दर तीन नमुन्यांतून टीव्हीला सोळा ठिपके तयार करायचे असतात, आणि त्यांतले बहुतेक त्याने स्वतः कल्पून भरायचे असतात. हे काम टीव्हीतला प्रोसेसर करतो. पॅनेल दोन कंपन्यांचं सारखं असू शकतं, पण हे भरण्याचं कसब सारखं नसतं. चेहरे मेणाचे दिसणं, बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं दातेरी होणं, क्रिकेटच्या मैदानातलं गवत एकसंध हिरवा रंग होऊन जाणं, हे सगळं तिथे ठरतं.

अंतराचंही तसंच. ५५ इंची पडद्याची उंची सुमारे ६८ सेंटिमीटर. फोर-केचे सगळे ठिपके चांगल्या डोळ्याला वेगवेगळे ओळखू यायचे तर त्या उंचीच्या सुमारे दीडपट अंतरावर, म्हणजे साडेतीन फुटांवर बसावं लागतं. सोफा नऊ फुटांवर असेल तर फुल एचडीतलाही सगळा तपशील डोळ्यापर्यंत पोचत नाही. त्या अंतरावर जो फरक दिसतो तो काळ्याच्या गडदपणाचा, उजेडाचा आणि हालचालीच्या सफाईचा असतो. पैसे तिथे घालावेत.

दुकानात सगळे टीव्ही एकाच नमुना-चित्रफितीवर चालू असतात : संथ पोहणारे मासे, फळांवरचे दवबिंदू, सगळं मुळातच ३८४० चं. ती फीत बंद करायला सांगा. दुकानात सेट टॉप बॉक्स बहुतेकदा असतो. त्यावर घरी रोज लागते ती साधी वाहिनी लावायला सांगा, घरातल्या सोफ्याइतकं अंतर पावलांनी मोजून मागे उभे राहा, आणि निवेदकाचा चेहरा पाहा.